पुढील शिक्षणाचा विचार केव्हा सुरू करावा?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घरांतून एक वाक्य नित्य ऐकू येते. मुलगा अगर मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, की येणारा-जाणारा विचारतो, "पुढे काय करणार?" आणि घरातील वडीलधारे माणूस उत्तर देते, "आधी निकाल तर लागू दे, मग बघू." हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. उलट त्यात नम्रता असते, आणि पुष्कळदा भीतीही असते. परंतु या एका वाक्याने आपली किती मुले पदवीच्या उंबरठ्यावरच थांबली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मी आज या एका वाक्याविरुद्ध बोलण्यासाठी आपणांपुढे उभा आहे.

आपण नीरेच्या आणि भीमेच्या काठची माणसे आहोत. कालव्याचे पाणी, साखर कारखाना आणि ऊस यांच्याभोवती आपले आयुष्य फिरते. कोणी स्वतःच्या तुकड्यात ऊस लावतो, कोणी दुसऱ्याच्या रानात तो तोडतो, कोणी कारखान्यात हंगामी काम करतो. तेव्हा आपणांस आडसाली ऊस समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लागण करावी, तेव्हा पुढच्या नव्हे तर त्याच्याही पुढच्या वर्षाच्या तोंडावर तो तोडणीला येतो. सोळा ते अठरा महिने लागतात. कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर बेणे शोधायला निघालेल्या माणसाला आपण काय म्हणू? पदवीचा निकाल हातात आल्यावर पदव्युत्तर शिक्षणाची चौकशी करणारा विद्यार्थी नेमके तेच करीत असतो. त्या वेळेपर्यंत अर्ज भरून झालेले असतात, परीक्षा उरकलेल्या असतात, वसतिगृहे भरलेली असतात.

हे केवळ उपमेपुरते खरे नाही. प्रत्यक्ष दिनदर्शिका पाहा. भारतीय तंत्रज्ञान संस्थांत एम.एस्सी. करण्यासाठी 'जॅम' ही परीक्षा असते. ती फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावे लागतात. दिल्ली, हैदराबाद, वाराणसी येथील केंद्रीय विद्यापीठांत एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करावयाचे झाल्यास 'सीयूईटी-पीजी' ही सामायिक परीक्षा द्यावी लागते. ती बहुधा मार्चमध्ये होते व तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. म्हणजे आपला मुलगा शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसण्यापूर्वीच या प्रवेशांची दारे उघडून बंद झालेली असतात. परदेशातील विद्यापीठांची गोष्ट तर याहून आधीची. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गाचे अर्ज त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत अनेक ठिकाणी पोहोचावे लागतात. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे आणि स्वतःचे निवेदन ही तयारी उन्हाळ्यापासून लागते. "निकाल लागल्यावर बघू" म्हणणाऱ्याच्या वाट्याला मग जे उरेल ते येते.

ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांना हे कोणी सांगावे लागत नाही. त्यांच्या घरात काका प्राध्यापक असतात, आतेबहीण पुण्यात संशोधन करते, आणि जेवताना बसल्या जागी मुलाला सर्व तारखा कळतात. आपल्या घरात पहिला पदवीधर म्हणजे बहुधा हाच मुलगा, किंवा ही मुलगी. जी माहिती दुसऱ्याला ताटावर मिळते, ती आपल्याला शोधून काढावी लागते. आणि शोधण्यास वेळ लागतो. म्हणून ज्याच्या घरात सांगणारे कोणी नाही त्याने इतरांपेक्षा आधी सुरुवात केली पाहिजे. हे अन्यायाचे आहे हे मला मान्य आहे. पण अन्याय मान्य करून हातावर हात ठेवून बसणे आपल्याला परवडणारे नाही.

मग केव्हा सुरुवात करावी? माझे उत्तर सरळ आहे: पदवीच्या पहिल्या वर्षी.

आपण म्हणाल, अठरा वर्षांच्या पोराला काय कळते? त्याने कोणत्या विषयात एम.ए. करावे, संशोधन करावे की नोकरी, हे आताच कसे ठरवावे? ही शंका रास्त आहे. परंतु विचार सुरू करणे म्हणजे निर्णय करून टाकणे नव्हे. पहिल्या वर्षी काहीही ठरवू नका. फक्त पुढे जे ठरेल त्याचे दार आजच्या हयगयीने बंद होणार नाही एवढे पाहा. पहिल्या वर्षाचे काम ते एवढेच.

हे दार कशाने बंद होते ते सांगतो. पहिली गोष्ट गुणांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता तीन किंवा चार वर्षांची आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यावयाची तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. चार वर्षांच्या पदवीवरून एम.ए. न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करावयाचा तरीही ७५ टक्क्यांची अट आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना तीत ५ टक्क्यांची सूट आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के लागतात. आता पाहा, या सहा सत्रांत पहिले सत्र येते की नाही? खेड्यातून बारामतीला किंवा इंदापूरला आलेला मुलगा पहिले सत्र एस.टी.च्या वेळा आणि इंग्रजी व्याख्याने यांच्याशी झगडण्यात घालवतो आणि म्हणतो, "तिसऱ्या वर्षी जोर लावीन." तिसऱ्या वर्षीचा जोर पहिल्या वर्षाचे खड्डे भरून काढीत नाही, हिशेब सहाही सत्रांचा होतो.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि या बाबतीत आपली अडचण विशेष आहे. जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र यांसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद असते, वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' असते, मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते. या तीन नोंदींची साखळी जुळवून दाखवावी लागते. जुना कागद गावच्या शाळेत, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, तहसील कचेरीच्या अभिलेखात शोधावा लागतो. नावाचे स्पेलिंग जुळत नसेल तर दुरुस्ती करावी लागते. हे काम आठ दिवसांत होत नाही.

धर्मांतरित कुटुंबांनी या ठिकाणी थोडा इतिहास ध्यानात ठेवावा. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचे स्थान प्रथम हिंदूंपुरते होते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतलेल्यांना महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत बौद्धांचे नाव येण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! त्या काळात केंद्राच्या सवलतींपासून जे वंचित राहिले ते आज आजोबा-आजी झाले आहेत. तो हक्क आता कायद्याने मिळाला आहे. तो हातातून जाण्याचे कारण कायदा नसून एखादा कागद असावा, ही लाजिरवाणी गोष्ट होईल. केंद्र सरकारच्या कामासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो आणि तो राज्याच्या दाखल्याहून वेगळा असतो, हेही पहिल्या वर्षीच प्रांत कचेरीत विचारून घ्या. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे कळणे आणि मुळीच न कळणे यांत फारसा भेद नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. उच्च शिक्षणाच्या अर्जासोबत अनेक ठिकाणी दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात. जो प्राध्यापक विद्यार्थ्याला केवळ हजेरीपटावरून ओळखतो, तो काय लिहिणार? बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा विद्यार्थी पाहिला, त्याच्याशी ओळख वाढविली, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांजकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. ती शिफारस एका दिवसात तयार झाली नव्हती. तिच्यामागे वर्षांची ओळख होती. आपल्या मुलांनी वर्गानंतर थांबून प्रश्न विचारावेत, ग्रंथालयात दिसावे, एखादा निबंध तपासून घ्यावा. यात लाचारी नाही. विद्यार्थ्याचा तो अधिकार आहे.

आता वर्षावर्षाचा क्रम मांडतो. तो घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

पहिल्या वर्षी: दाखले पुरे करावेत, सत्राचे गुण जपावेत, इंग्रजीचे रोज थोडे वाचन करावे, आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. उत्पन्नाचा दाखला मुदतीनंतर नवा काढावा लागतो, हे विसरू नये.

दुसऱ्या वर्षी: बाहेर पाहावे. बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे आणि तेथे पदव्युत्तर वर्गही चालतात. माळेगाव खुर्द येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची एक राष्ट्रीय संस्था २००९ पासून उभी आहे. अवर्षण, उष्णता, क्षारपड जमीन अशा गोष्टींचा पिकांवर होणारा ताण हा तिच्या अभ्यासाचा विषय. आपल्या गावातल्या दुष्काळावर आपल्या शेजारी संशोधन चालते, आणि आपली विज्ञानाची मुले तिच्या फाटकावरून एस.टी.ने निघून जातात! एकदा प्राध्यापकांचे पत्र घेऊन तेथे जावे, संशोधक काय करतो ते डोळ्यांनी पाहावे. पुण्याच्या विद्यापीठाचे आवार एकदा फिरून यावे. जे पाहिलेले असते त्याची भीती वाटत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात: आता निर्णयाची वेळ आली. तीन वर्षांवर पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करावयाचे, की चौथे वर्ष करून मग एका वर्षाचे? परदेशाचा विचार असेल तर हे विशेष पाहावे. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे पदवीपर्यंत सोळा वर्षांचे शिक्षण मागतात, इंग्लंडमध्ये तीन वर्षांची पदवी बहुधा चालते. कोणती प्रवेशपरीक्षा द्यावयाची हेही याच उन्हाळ्यात ठरावे.

शेवटच्या वर्षी: सप्टेंबरपासून अर्ज, हिवाळ्यात परीक्षा, आणि मग पदवीची अंतिम परीक्षा. या क्रमाने चाललेल्या विद्यार्थ्याला निकालाची वाट पाहताना घाबरण्याचे कारण उरत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. तो सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्यापुढेच आपण सर्वांत लवकर हात टेकतो. पैसा नाही हे खरे. परंतु कोणता पैसा कोठे आहे हे न पाहता "आपल्याला जमणार नाही" म्हणणे हेही खरे नाही. पुण्यात शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यास स्वाधार योजनेतून वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद आहे. एम.ए.च्या अखेरच्या वर्षापासून 'नेट' परीक्षा देता येते. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे. संशोधकांसाठी पुण्याच्या 'बार्टी' संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५ जागांची आहे, तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची. केंद्राच्या योजनेत वयाची मर्यादा ३५ वर्षांची आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपयांची आहे. या योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर कोणी घरी बसू नये.

येथे मला आईबापांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. अशी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. इंदापूर तालुक्यातील नीराकाठचे गाव, वडील कारखान्यात हंगामी, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाते. मुलगी बी.एस्सी.ला चांगली आहे. घरात दोन विचार चालतात: तिला मिळेल ती नोकरी लावावी, किंवा स्थळ पाहावे. तिच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो तो निकालाच्या दिवशी, आणि त्या दिवशी पाहुण्यांना शब्द गेलेला असतो. आईबाप दुष्ट नसतात. त्यांच्यापुढे कोणी दुसरा पर्याय तारखांसकट मांडलेला नसतो. तोच विषय मुलगी पहिल्या वर्षाला असताना निघाला असता, "अमुक महिन्यात परीक्षा, अमुक शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा खर्च इतका" असे कागदावर मांडले गेले असते, तर घराने त्याप्रमाणे आपली गाडी वळविली असती. गरीब घर योजना करीत नाही असे कोणी म्हणू नये. मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षे आधीपासून भिशी लावणारे घर गरीबच असते. त्या योजनाबुद्धीचा थोडा हिस्सा तिच्या शिक्षणाला द्या, एवढेच माझे मागणे आहे.

आणि घराला खरोखरच तत्काळ कमाईची गरज असेल तर? कर्ता माणूस आजारी पडतो, धाकट्यांची शाळा असते. अशा मुलाला "शिकत राहा" असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. मी त्याला बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगेन. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली: चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळविली. मग ते येथे आले, बडोद्यात अपमान सोसला, मुंबईत मिळेल ते काम केले, १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले, आणि त्या पगारातून काटकसर करून पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मध्ये तीन वर्षे गेली. अभ्यास सुटला नाही.

हा प्रसंग आपण नेहमी त्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो. मी तो योजनेचे उदाहरण म्हणून सांगतो. ती चार वर्षांची परवानगी त्यांनी घेतली नसती, तर नुसत्या जिद्दीला परतण्याचा रस्ता मिळाला नसता. म्हणून ज्या मुलाला आज नोकरी धरणे भाग आहे त्याने ती खुशाल धरावी. पण धरण्यापूर्वी स्वतःशी मुदत ठरवावी, दाखले आणि गुणपत्रके जपून ठेवावीत, प्राध्यापकांशी संबंध ठेवावा, दर महिन्याला थोडे बाजूला टाकावे. वयाची मर्यादा ३५ आहे; एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या तरुणाजवळ वेळ आहे. मुदत मात्र मनात नव्हे, कागदावर असावी.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे किंवा समाजमंदिर आहे. तेथे दरवर्षी जून महिन्यात एक रविवार याच कामासाठी ठेवा. त्या दिवशी पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलामुलीने आईबापांसह यावे. वस्तीतील जे पुढे शिकले आहेत, पुण्यात असोत की मुंबईत, त्यांनी त्या दिवशी गावी यावे आणि आपण कोठे चुकलो, कोणती तारीख हुकली, कोणता दाखला अडला, हे मोकळेपणाने सांगावे. यशाच्या गोष्टी सत्काराच्या दिवशी सांगता येतील. हुकलेली तारीख सांगणारा थोरला भाऊ वस्तीत असेल, तर धाकट्याची तारीख हुकत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करा. पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि विचारा, "पुढे काय करावेसे वाटते?" तिला उत्तर देता आले नाही तरी चालेल. "निकाल लागल्यावर बघू" असे मात्र तिलाही म्हणू देऊ नका आणि आपणही म्हणू नका.

जय भीम.